निळ्या-हिरव्या पाण्याची वाट

ग्रँड कॅन्यनच्या नकाशावर ‘विष्णू टेंपल’ आणि ‘शिवा टेंपल’ ही नावे वाचली की आपण क्षणभर थबकतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या खडकांशी आपल्या देवांचा संबंध काय? क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशाचा अभ्यास केला. खडकांचे देवळासारखे आकार पाहून त्याला पूर्वेकडील देवता आठवल्या आणि ती नावे नकाशावर कायम झाली. ही नावे काठावरून पाहणाऱ्याने ठेवलेली आहेत. दरीच्या तळाशी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून माणसे राहत होती, शेती करीत होती आणि तेथल्या पाण्याला आपले नाव देऊन बसली होती.

काठावरून पाहिलेली दरी आणि पायांनी उतरलेली दरी यांत मोठे अंतर असते. प्रस्तुत लेखात अशाच एका पायवाटेचा, म्हणजे हावासू ओढ्याच्या वाटेचा, विचार करावयाचा आहे. हा ओढा ग्रँड कॅन्यनची एक उपदरी कोरीत पुढे कोलोरॅडो नदीला मिळतो. त्याच्या काठी हावासुपाय लोकांचे गाव आहे. ‘हावासुपाय’ या नावाचा अर्थच ‘निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक’ असा आहे.

वाट

वाटेचा आरंभ हुआलापाय हिलटॉप या पठाराच्या कडेवर होतो. येथवर मोटार येते. पुढे गाडीरस्ता नाही. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फूट उंचीवर आहे. पहिल्या दीडएक मैलात वाट नागमोडी वळणे घेत झपाट्याने उतरते आणि मग एका कोरड्या पात्रातून चालू लागते. दोन्ही बाजूंच्या तांबड्या भिंती हळूहळू उंच होत जातात. सुपाय हे गाव ८ मैलांवर, म्हणजे सुमारे १३ किलोमीटरवर आहे आणि त्याची उंची सुमारे ३,२०० फूट आहे. गावाजवळ येईपर्यंत वाटेत पाणी नाही. ते पाठीवरच न्यावे लागते.

सह्याद्रीतले गड चढणाऱ्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गडाच्या वाटेवर चढ आधी आणि उतार नंतर असतो. दम लागला की माघारी फिरणे सोपे जाते. येथे क्रम नेमका उलटा आहे. ताज्या पायांनी आपण मजेत उतरतो आणि थकलेल्या पायांनी शेवटच्या दिवशी दोन हजार फूट चढतो. त्यातली सर्वांत कठीण चढण अगदी अखेरीस येते. उन्हाळ्यात तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाते. म्हणून जाणते लोक पहाटेच्या अंधारात वाट धरतात.

सुपाय गावात पायी, खेचरावरून किंवा हेलिकॉप्टरनेच पोहोचता येते. खेचरांच्या पाठीवरून टपाल येणारे गाव म्हणून ते प्रसिद्ध आहे. गावाच्या वरच्या अंगाला जमिनीतून झरे फुटतात आणि कोरडे पात्र एकाएकी वाहते होते. तेथून वाट ओढ्याची सोबत सोडीत नाही. गावापासून सुमारे दोन मैलांवर मुक्कामाची जागा आहे. तिच्या वरच्या टोकाला सुमारे १०० फूट उंचीचा हावासू धबधबा आणि खालच्या टोकाला जवळजवळ दुप्पट उंचीचा मूनी धबधबा आहे. या दोहोंच्या मध्ये, ओढ्याच्या दोन्ही काठांवर, झाडांच्या सावलीत तंबू ठोकतात. पिण्याचे पाणी फर्न स्प्रिंग या झऱ्याचे. उघड्यावर शेकोटी पेटविण्यास मनाई आहे.

मूनी धबधब्याच्या पायथ्याशी उतरणे ही या वाटेची खरी कसोटी होय. खडकात खोदलेली दोन बोगद्यांसारखी भुयारे, मग साखळ्या आणि शेवटी तुषारांनी भिजलेल्या शिड्या. ज्याचे नाव या धबधब्याला मिळाले तो मूनी खनिजे शोधणारा होता. १८८० च्या सुमारास दोराने उतरताना तो कोसळून मरण पावला.

पाणी

हे पाणी निळे का? आपल्याकडील दऱ्या बहुतांशी काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेल्या आहेत. हावासूचे पाणी मात्र चुनखडकांच्या थरांतून पाझरत येते. पठारावर पडलेले पावसाचे पाणी कर्बवायूमुळे किंचित आम्ल होते, खोल मुरते आणि जाता जाता चुनखडक विरघळवीत जाते. झऱ्यावाटे ते बाहेर आले आणि खडकांवर आपटू लागले की त्यातला कर्बवायू उडून जातो. मग विरघळलेला चुना पाण्यात राहू शकत नाही. तो साका बनून खाली बसतो. या खडकाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. पडलेली फांदी, पान, मूळ, जे सापडेल त्यावर त्याचा लेप चढतो. थरावर थर चढून नैसर्गिक बांध तयार होतात आणि बांधांमागे डोह साठतात. पाण्यातल्या चुन्यामुळे आणि तळाच्या पांढुरक्या थरामुळे डोहांना तो निळा-हिरवा रंग येतो.

भिंतींचा तांबडा रंगही फसवा आहे. रेडवॉल नावाचा चुनखडक मुळात करडा. वरच्या थरांतला लोहाचा गंज पावसाबरोबर ओघळून त्याला तांबडे करतो. येथे पाणीच कोरते, पाणीच बांधते आणि पाणीच रंगवते.

पूर

तेच पाणी मोडतेही. जुलै ते सप्टेंबर या पावसाळी काळाला तिकडेही ‘मॉन्सून’ असेच म्हणतात. पठारावर दूर कोठेतरी ढग कोसळतो, उघड्या खडकावरून पाणी मुरत नाही आणि सारा लोंढा या अरुंद दरीत उतरतो. डोक्यावर स्वच्छ ऊन असतानाही पूर येऊ शकतो. १९१० च्या जानेवारीत पुराने येथली वस्ती उद्ध्वस्त केली. २००८ च्या ऑगस्टमधील पुराने ओढ्याचे पात्रच बदलले. नावाजलेला नावाहो धबधबा कोरडा पडला आणि शेजारी नवे धबधबे जन्मले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला, एका पदयात्री स्त्रीचा बळी गेला आणि शंभराहून अधिक लोकांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले.

म्हणून तंबू ठोकताना प्रथम डोहाचे सौंदर्य पाहू नये. पाणी चढले तर कोणत्या बाजूने वर जाता येईल, हे आधी पाहावे.

मालकी

ओढ्याचे पात्र पुराने बदलते. जमिनीच्या सीमा कायद्याने बदलतात. हावासुपाय लोक उन्हाळ्यात दरीत मका, घेवडा आणि भोपळा पिकवीत आणि हिवाळ्यात पठारावर शिकार करीत. त्यांच्या लेखी दरी आणि पठार मिळून एक घर होते. १८८२ मध्ये सरकारी आदेशाने त्यांच्या नावे दरीतील केवळ ५१८ एकर जमीन उरली. पठार गेले. १९१९ मध्ये ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झाले आणि ज्या प्रदेशात ते पिढ्यान्‌पिढ्या वावरले तेथे ते परके ठरले. दीर्घ झगड्यानंतर ३ जानेवारी १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कायद्यावर सही केली आणि सुमारे १,८५,००० एकर जमीन त्यांना परत मिळाली.

मोठा साथरोग आला तेव्हा, मार्च २०२० मध्ये, जमातीने ही वाट बाहेरच्यांना बंद केली. ती २०२३ च्या फेब्रुवारीतच उघडली. पर्यटन हे उत्पन्नाचे मुख्य साधन असतानाही हा निर्णय घेता आला, कारण दार त्यांच्या हाती होते.

झऱ्याचे उगमस्थान असलेले भूजल मात्र त्यांच्या हद्दीपुरते मर्यादित नाही. त्याच भूजलाच्या काळजीने ते पठारावरील युरेनियमच्या खाणीला दीर्घकाळ विरोध करीत आले आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तेथील मोठ्या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला व नव्या खाणींना आळा बसला. परंतु आधीपासून हक्क असलेल्या खाणीत त्याच वर्षाच्या अखेरीस काम सुरू झाले. ज्या लोकांचे नावच पाण्यावरून पडले, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पिण्याच्या पाण्याचा नाही. पाणी बिघडले तर त्यांच्या नावाला अर्थ उरणार नाही.

भूगोलाच्या पुस्तकात दरी म्हणजे नदीने केलेली झीज. ही व्याख्या चुकीची नाही, अपुरी आहे. हावासूच्या वाटेने उतरणाऱ्याला कळते की ही दरी अजून घडते आहे आणि तिच्यात कोणीतरी राहते आहे. तेव्हा तिच्यात उतरायचे ते पाहुण्याने दुसऱ्याच्या घरात जावे तसे: घरच्यांना विचारून, आपला कचरा आपल्याच पाठीवर परत आणून आणि परतीच्या चढणीसाठी पायांत थोडे बळ राखून.