कृषि-विद्यार्थ्यांचें गांवांतील शिक्षण व यजमान शेतकरी

शेतकीच्या पदवीचा अभ्यास वर्गांत सुरू होतो, पण पुरा होतो तो बांधावर. ह्याच विचारानें १९९२ सालीं रंधावा समितीनें कृषि-विद्यार्थ्यांस ग्रामीण कार्यानुभव द्यावा अशी शिफारस केली. २०१५ सालच्या जुलै महिन्यांत ‘स्टुडंट रेडी’ ही योजना निघाली व हा अनुभव तिचें एक अंग झाला. पुढें पांचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यांत त्यास २० आठवडे दिले गेले. त्यांपैकीं ८ आठवडे विद्यार्थ्यानें गांवांत शेतकऱ्याच्या सहवासांत काढावयाचे. बाकीच्या काळांत संशोधन केंद्र, पिकांचें रोगनिदान व शेतमालाचे कारखाने येतात.

अकलूजच्या शेतकऱ्यांस ही गोष्ट नवी नाहीं. येथील रत्नाई कृषि महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाशीं संलग्न असून, तेथील ‘कृषिदूत’ व ‘कृषिकन्या’ आसपासच्या गांवीं येतात. त्यांच्या येण्याचा उपयोग किती व्हावा, हें पुष्कळसें यजमान शेतकऱ्यावर अवलंबून आहे. त्यानें चहापाणी करून वहीवर सही दिली, तर दोघेही होते तेथेंच राहतात. म्हणून दोघांच्याही हिताचें एक काम उदाहरणादाखल देतों.

नीरेच्या कालव्यानें उसास पाणी मिळालें; पण जेथें निचरा नव्हता अशा भारी काळ्या रानांत पाणी सांचून क्षार वर आले. अशा जमिनीस आपण सरसकट ‘बिघडलेली’ म्हणतों. वास्तविक तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. क्षारयुक्त जमिनींत विद्राव्य क्षार फार असतात, पण सामू ८.५ च्या आंत असतो. तिला चर काढून निचरा करून द्यावा व चांगल्या पाण्यानें क्षार धुवून काढावे. चोपण जमिनीचा सामू ८.५ च्या वर असतो व मातीच्या कणांस सोडियम चिकटलेलें असतें. ती ओली असतां चिकट व वाळल्यावर दगडासारखी टणक होते. तिला निचऱ्याबरोबर जिप्समही लागतें. रोग एक व औषध दुसरें झालें, तर पैसा जातो आणि जमीनही जाते. हा भेद नुसत्या डोळ्यांनीं निश्चित होत नाहीं. त्यास परीक्षा पाहिजे.

विद्यार्थी आल्यावर पुढील क्रमानें काम करावें :

१. बिघडलेल्या व चांगल्या भागाचे नमुने वेगळे घ्यावे. बांध, झाडाखालची जागा व खताच्या ढिगाची जागा सोडून, नागमोडी चालत ८ ते १० ठिकाणीं वीतभर खोल खड्डे करावे. सर्व माती मिसळून चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकावे; असें करीत अर्धा किलो माती ठेवावी. ती सावलींत वाळवून प्रयोगशाळेंत द्यावी.

२. शेताचा नकाशा काढवून घ्यावा. पाणी कोठें सांचतें, पीक कोणत्या सालापासून बसूं लागलें, कोणत्या विहिरीचें पाणी दिलें जातें, हें शेतकऱ्यानें सांगावें. प्रयोगशाळेस हें ठाऊक नसतें.

३. तुलनेचा पट्टा ठेवावा. आडसाली लागणीच्या वेळीं नेहमींच्या को ८६०३२ शेजारीं, क्षारास अधिक तोंड देणाऱ्या फुले २६५ ह्या जातीच्या कांहीं सऱ्या लावाव्या. खत, पाणी व मशागत सारखीच ठेवावी. एरवीं फरक कशाचा हें समजणार नाहीं.

४. मजुरी, बेणें, खत व पाणी ह्यांचा हिशेब दोघांनीं लिहावा. खर्च न लिहिलेला प्रयोग अर्धाच होय.

एक अडचण मात्र ध्यानांत धरावी. आडसाली ऊस १६ ते १८ महिन्यांचा, आणि विद्यार्थ्याचे गांवांतील आठवडे केवळ ८. त्यानें लावलेल्या पट्ट्याची तोडणी त्यास पाहावयास मिळत नाहीं. तेव्हां दोन्ही पट्ट्यांचें वजन वेगवेगळें करून त्यास पत्रानें कळविणें हें यजमानाचें काम आहे. लावलेल्याचें फळ कळल्यावांचून शेतकीचें शिक्षण पुरें होत नाहीं. विद्यार्थ्याचें नाहीं, तसें आपलेंही नाहीं.