एका एल्कसाठी वीस वर्षं रांग

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत डेन्व्हरजवळ नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ एल्कच्या शिकारीच्या परवानगीसाठी चौदा वर्षं अर्ज भरताहेत आणि अजून त्यांचा नंबर लागलेला नाही म्हणे. एवढी जंगलं, एवढी जनावरं, घरोघरी बंदुका, मग रांग कसली? आता भाचाही अर्ज भरायचं म्हणतोय. त्याने काय बघून भरावा?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी त्या गृहस्थांविषयीचा गैरसमज दूर करू. एल्क हे सांबराहून थोराड असं तिकडचं हरीण. एकट्या कोलोरॅडो राज्यात ते पावणेतीन-तीन लाखांच्या घरात आहेत. नुसता एल्कच हवा असता, तर त्यांना तो केव्हाच मिळाला असता. राज्याच्या कित्येक भागांत मादीच्या शिकारीची परवानगी पहिल्याच अर्जात मिळून जाते. चौदा वर्षं थांबणारा माणूस एका विशिष्ट जागेसाठी थांबलेला असतो. राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, युटाच्या सीमेलगत २, १० आणि २०१ या क्रमांकांची युनिटं, म्हणजे शिकारीसाठी आखलेले विभाग, आहेत. तिथे मोजक्याच शिकाऱ्यांना सोडतात, त्यामुळे नर म्हातारे होईपर्यंत जगतात आणि त्यांची शिंगं वाढत राहतात. तिथला नराचा परवाना मिळायला स्थानिक माणसालाही वीस-वीस वर्षं लागतात. म्हाडाच्या सोडतीत दूरच्या वसाहतीत घरं पडून राहतात आणि मोक्याच्या इमारतीसाठी हजारो अर्ज येतात, त्यातलाच हा प्रकार.

या परवान्याला तिकडे टॅग म्हणतात. शिकारीचं लायसन्स वेगळं आणि टॅग वेगळा. टॅग म्हणजे एका जनावराचा कागद : कोणतं जनावर, नर की मादी, कोणत्या युनिटात, कोणत्या तारखांना, कोणत्या हत्याराने, हे सगळं त्यात बांधलेलं असतं. कोलोरॅडोच्या अर्जात हे एका संकेतात लिहितात. उदाहरणार्थ, ई-एम-०६१-ओ१-आर. पहिलं अक्षर एल्कचं, दुसरं नराचं, ०६१ हे युनिट, ओ१ म्हणजे पहिला हंगाम आणि शेवटचं अक्षर रायफलचं. रायफलच्या जागी धनुष्यबाणाचं अक्षर लिहिलं की हंगाम बदलतो, स्पर्धा बदलते, सगळंच बदलतं. एक अक्षर चुकून लिहिल्याने भलताच टॅग पदरात पडलेली माणसं तिकडे दर वर्षी निघतात.

जनावर पडलं की त्या टॅगचं काय करायचं, याचेही नियम आहेत. आयडाहो राज्यात टॅगच्या कडेला छोटे त्रिकोण छापलेले असतात. जनावर पडल्याबरोबर, ते हलवण्याच्या आधी, महिन्याचा एक आणि तारखेचा एक असे दोन त्रिकोण कापून काढून टाकायचे आणि टॅग धडाला बांधायचा. नुसती रेघ मारून चालत नाही. वाटेत वनरक्षकाने अडवलं आणि त्रिकोण जागेवर दिसले, तर रीतसर मिळवलेल्या टॅगवरची शिकारही बेकायदा ठरते. मांस रानात टाकून नुसतं डोकं घरी नेणं हाही या राज्यांत गुन्हाच. एका मोठ्या नराचं सत्तर-ऐंशी किलोच्या वर मांस निघतं. गाडीरस्ता चार-पाच मैल लांब असेल, तर ते पाठीवर वाहून आणायला दोन दिवसही लागतात. अर्ज भरताना नकाशावर हे अंतर कुणी मोजत नाही, ते मोजायला हवं.

आता एवढा बंदोबस्त कशासाठी? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जंगली जनावरांचं मांस खुल्या बाजारात विकलं जाई आणि कातड्यासाठी कळपच्या कळप मारले जात. विसावं शतक उजाडलं तेव्हा एके काळी लाखोंनी असलेले एल्क एक लाखाच्याही आत आले होते. १९०० साली लेसी कायदा आला आणि एका राज्यात चोरून मारलेलं जनावर दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं बंद झालं. १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. त्याने रायफली आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. तो कर आज ११ टक्के आहे आणि टॅगची फी त्यात भर घालते. म्हणजे कळप सावरले ते मोठ्या प्रमाणावर शिकाऱ्यांच्याच पैशावर. आपल्याकडच्या वाचकाला हे पचायला जड जातं, पण हिशेब तसाच आहे. आज उत्तर अमेरिकेत एल्क पुन्हा दहा लाखांच्या आसपास आहेत.

आपल्याकडची वाट वेगळी झाली. इंग्रजी अमलात आणि त्यानंतरही मध्य प्रांतात, विदर्भाच्या जंगलांत, वनखातं शिकारीचे ब्लॉक पाडून परवानाधारकांना ठरावीक दिवसांसाठी देत असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातसुद्धा सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. ती १९९१च्या दुरुस्तीने काढून टाकली. तिकडे मात्र जनावर राज्याच्या जनतेच्या मालकीचं मानलं जातं आणि दर वर्षी त्यातला किती वाटा उचलायचा हे खातं ठरवतं. हिवाळ्यात बर्फावर जनावरं उठून दिसतात, तेव्हा हेलिकॉप्टरमधून मोजणी होते. शंभर माद्यांमागे नर किती, पिल्लं किती, हे बघून पुढच्या हंगामाचा कोटा बसवतात.

आणि मग हा कोटा वाटायचा कसा? इथे प्रत्येक राज्याचं डोकं वेगळं चाललं आहे.

कोलोरॅडोत प्रेफरन्स पॉइंटची पद्धत आहे. नंबर लागला नाही की एक पॉइंट जमा. ज्याचे पॉइंट जास्त, त्याला टॅग आधी. ऐकायला अगदी न्याय्य. पण समजा, एका युनिटात नराचे १० टॅग आहेत आणि सर्वांत जास्त पॉइंट असलेले २०० जण रांगेत उभे आहेत. दर वर्षी दहाच जण सुटणार, म्हणजे ही २०० माणसं संपायलाच २० वर्षं गेली. मागच्याचा पॉइंट दर वर्षी एकाने वाढतो, तसा पुढच्याचाही वाढतो. आज पन्नाशीत पहिला अर्ज भरणाऱ्याला तो टॅग या जन्मी मिळणार नाही, हे कागदावर गणित मांडून दाखवता येतं. गेल्या वर्षी अठरा पॉइंटांना मिळालेला टॅग पुढच्या वर्षी एकोणीस मागतो, मग वीस. याला तिकडे पॉइंट क्रीप म्हणतात, आणि त्या गृहस्थांना छळतोय तो हाच. शिवाय सापळा असा की पहिल्या पसंतीचा टॅग लागला की सगळे पॉइंट शून्यावर येतात. चौदा पॉइंटवाल्याने कंटाळून तीन पॉइंटांत मिळणारा टॅग पहिल्या पसंतीला भरला, तरी उरलेले अकरा परत मिळत नाहीत. म्हणून माणसं पॉइंट खर्चायला घाबरतात. पॉइंट वाढत राहतात आणि गुडघे कुरकुरू लागतात.

नेवाडाने दुसरा मार्ग काढला. तिथे तुमच्या बोनस पॉइंटांचा वर्ग करून त्यात एक मिळवतात आणि तेवढे आकडे संगणक तुमच्या नावावर काढतो. दहा पॉइंट म्हणजे १०१ आकडे. त्यातला सर्वांत लहान आकडा तुमचा. जुन्या माणसाचं पारडं जड होतं, पण शून्य पॉइंटवाल्या पोरालाही एक आकडा मिळतो आणि कधीकधी तोच लागतो. ॲरिझोनात २० टक्के टॅग जास्त पॉइंटवाल्यांना आणि बाकीचे सोडतीने. युटात अर्धे-अर्धे. वायोमिंग परराज्यातल्या अर्जदारांना एल्क आणि म्यूल डिअर, प्राँगहॉर्न या हरणासारख्या जनावरांचे ७५ टक्के टॅग पॉइंटांवर देतं आणि २५ टक्के निव्वळ नशिबावर. त्यातही एक सरकारी चलाखी आहे : त्याच टॅगसाठी दुपटीहून जास्त फी भरणाऱ्यांचा 'स्पेशल' गट वेगळा ठेवला आहे. तिथे गर्दी कमी असण्याची शक्यता, म्हणजे पैसे मोजून आशा विकत घ्यायची.

न्यू मेक्सिको आणि आयडाहो पॉइंट देतच नाहीत. दर वर्षी पाटी कोरी. न्यू मेक्सिकोत ८४ टक्के टॅग स्थानिकांना, १० टक्के आउटफिटरबरोबर, म्हणजे शिकारीची सोय करून देणाऱ्या व्यावसायिकाबरोबर, जाणाऱ्यांना आणि ६ टक्के बाकीच्या परराज्यांतल्यांना. माझं मत विचाराल तर हीच पद्धत सर्वांत सरळ. वर्षानुवर्षं थांबलेल्याला ती अन्यायाची वाटते हे खरं, पण पॉइंटांच्या रांगेत नंतर जन्मलेल्यावर होणारा अन्याय कुणी मोजत नाही, कारण तो रांगेत आलेलाच नसतो. आयडाहोचा आणखी एक नियम मला फार आवडतो. मूस, बिगहॉर्न मेंढा किंवा पहाडी बकरा यांच्यापैकी एकाचा अर्ज केला, की त्या वर्षी हरीण-एल्कच्या मर्यादित टॅगचा अर्ज सहसा करता येत नाही. निवड करावी लागते, आणि त्यामुळे गर्दी आपोआप विरळ होते.

रांग टाळायच्या वाटाही आहेत, अर्थात पैसेवाल्यांसाठी. न्यू मेक्सिकोत मोठ्या जमीनमालकांना मिळणारे परवाने बाजारात विकले जातात. काही राज्यं एखाद-दुसरा टॅग लिलावात काढतात. मॉन्टॅनाचा बिगहॉर्न मेंढ्याचा एक टॅग २०१३ साली ४,८०,००० डॉलरना गेला होता. पैसा मेंढ्यांच्या संवर्धनाला जातो, म्हणून यावर फारसं कुणी बोट ठेवत नाही.

आता तुमच्या भाच्याचं. पहिल्यांदा त्याने त्या गृहस्थांचं युनिट डोक्यातून काढून टाकावं. कोलोरॅडोच्या अर्जात चार पसंती देता येतात आणि पॉइंट खर्च होतात ते फक्त पहिल्या पसंतीवर. त्यामुळे जाणकार माणूस पहिल्या पसंतीत नुसता पॉइंट मागतो, त्यासाठी वेगळा संकेत आहे, आणि दुसऱ्या पसंतीत मादीचा किंवा कमी मागणीच्या युनिटाचा टॅग भरतो. तो लागला तर शिकारही होते आणि पॉइंटही वाढतो. राज्याचं खातं मागच्या सोडतींचे तक्ते प्रसिद्ध करतं : कोणत्या संकेताला किती अर्ज, किती टॅग, शेवटचा टॅग किती पॉइंटांना गेला, आणि कितव्या पसंतीला. एकाच वर्षाचा तक्ता बघू नये, निदान तीन वर्षांचे शेजारी ठेवून आकडा कुठे सरकतोय ते बघावं. त्याच खात्याचे शिकारीचे अहवालही असतात. शंभरातल्या किती जणांना जनावर मिळालं, हे त्यात कळतं. टॅग सहज मिळतो म्हटल्यावर बहुतेकदा यातला आकडा पडलेला असतो. नकाशावर सरकारी जमीन किती, खासगी किती, हेही पाहावं. युनिट मोठं असतं, पण सगळं पाणी आणि गवत एखाद्या रँचच्या कुंपणाआत असू शकतं.

मित्राबरोबर गट करून अर्ज भरणार असेल तर सावध. कोलोरॅडोत गटाला त्यातल्या सर्वांत कमी पॉइंटवाल्याचा आकडा लागतो, वायोमिंगमध्ये सरासरी. ऑफिसातल्या त्या गृहस्थांनी भाच्याला प्रेमाने गटात घेतलं, तर त्यांची चौदा वर्षं त्या अर्जापुरती पाण्यात. वायोमिंगचा मोह झाला तर आणखी एक लक्षात असू द्यावं : तिथल्या संरक्षित विल्डरनेस भागात परराज्यातल्या माणसाला मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी मार्गदर्शक किंवा स्थानिक सोबती घ्यावाच लागतो.

तारखा महत्त्वाच्या. वायोमिंगच्या एल्कचा अर्ज हिवाळ्यातच संपतो, न्यू मेक्सिकोचा साधारण मार्चमध्ये, कोलोरॅडोचा एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी, नेवाडाचा मे महिन्यात. हंगाम मात्र सप्टेंबरपासून पुढे. मधल्या काळात निसर्ग सगळा बेत उधळू शकतो. २०२२-२३च्या हिवाळ्यात वायव्य कोलोरॅडो आणि वायोमिंगमध्ये इतका बर्फ पडला की म्यूल डिअर आणि प्राँगहॉर्न उपाशी मेले, आणि पुढच्या हंगामाचे हजारो टॅग रद्द झाले. वर्षानुवर्षं पॉइंट साठवून ऐन त्या वर्षी अर्ज करणाऱ्यांचा हिरमोड झाला, पण कोटा कापला नसता तर कळपाची दैना झाली असती.

कागदपत्रांचं थोडं. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते त्याने या उन्हाळ्यातच उरकावं. राज्यात सलग सहा महिने वास्तव्य झालं की स्थानिकाच्या दराने अर्ज करता येतो आणि फीमधला फरक मोठा असतो. भाचा नोकरीच्या व्हिसावर असेल, तर केंद्रीय कायद्याने त्याला एरवी बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्याला एक अपवाद आहे. तरी दुकानात जाण्याआधी वकिलाला विचारावं, कारण इथे झालेली चूक व्हिसावर शेकते. ती कटकट नको असेल तर धनुष्यबाणाचा हंगाम आहेच. तो सप्टेंबरमध्ये येतो, नर एल्क तेव्हा माजावर येऊन रानभर शीळ घालत असतात, आणि कित्येक युनिटांत बाणाचा टॅग रायफलच्या टॅगपेक्षा कमी पॉइंटांत मिळून जातो. नेम बसायला मात्र वर्षभराचा सराव लागतो, तो त्याने आजपासून धरावा.