प्रिन्सिपे बेटावरील घुबड
(परिसर अभ्यासाच्या पाठासाठी टिपण)

आफ्रिका खंडाच्या पश्चिमेस, गिनीच्या आखातात, विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेस प्रिन्सिपे नावाचे चिमुकले बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४० चौरस किलोमीटर. १९७५ मध्ये स्वतंत्र झालेल्या साओ टोमे व प्रिन्सिपे या राष्ट्राचा तो एक भाग होय. ज्वालामुखीच्या उद्रेकाने समुद्रातून वर आलेले हे बेट मुख्य भूमीशी कधीच जोडलेले नव्हते. समुद्र ओलांडून येथे पोहोचलेल्या काही पक्ष्यांचे वंशज पिढ्यानुपिढ्या अलग राहिले आणि त्यांच्यापासून निराळ्या जाती निर्माण झाल्या. जगात अन्यत्र कोठेही न आढळणारे एक लहान घुबड त्यांपैकीच आहे.

या पक्ष्याविषयी स्थानिक लोकांनी सांगितलेली माहिती १९२८ पर्यंत मागे जाते. परंतु पक्षी निशाचर, त्याचे वसतिस्थान बेटाच्या दक्षिणेकडील निर्मनुष्य, जुने अरण्य, आणि त्याचा आवाज एखाद्या कीटकासारखा. त्यामुळे शास्त्रज्ञांना तो दीर्घकाळ सापडला नाही. अंधार पडताच ‘टू’ असा आखूड स्वर साधारणतः सेकंदाला एकदा ऐकू येतो. पुष्कळदा दोन पक्षी मिळून साद घालतात.

पोपटांची पिल्ले पकडून उपजीविका करणारे सेसिलियानो दो बोम जेझुस, ऊर्फ बिकेगिला, यांना हे अरण्य पूर्ण परिचित होते. पुढे ते तेथील निसर्ग उद्यानाचे रक्षक झाले. त्यांचे ज्ञान व चिकाटी यांच्या साहाय्याने २०१६ मध्ये या घुबडाचे अस्तित्व निश्चित झाले. २०२२ मध्ये नवी जात म्हणून त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले व तिला ‘ओटस बिकेगिला’ हे नाव देण्यात आले. वाटाड्याचा असा गौरव शास्त्राच्या इतिहासात विरळाच.

पाहणीअंती असे आढळले की, हा पक्षी केवळ १५ चौरस किलोमीटर क्षेत्रात राहतो व त्याची संख्या १,००० ते १,५०० असावी. याच क्षेत्राच्या काही भागास एका लहान जलविद्युत् धरणाची झळ पोहोचेल, असे संशोधकांनी २०२२ मध्ये नमूद केले आणि ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ गणली जावी अशी शिफारस केली. तेवढे अरण्य नष्ट झाले, तर ही जात पृथ्वीवरूनच नाहीशी होईल. अन्य ठिकाणाहून ती पुन्हा आणता येणार नाही.

पाठ घेताना शिक्षकांनी प्रथम नकाशावर गिनीचे आखात दाखवावे. गणिताच्या तासाला एका चौरस किलोमीटरात किती पक्षी येतात, हे मुलांकडून काढून घ्यावे. उत्तर ६७ ते १०० च्या दरम्यान येईल. त्यानंतर आपल्या गावातील पिंगळ्याकडे वळावे. घुबडाचे ओरडणे अशुभ, असे मुलांनी घरी ऐकलेले असते. त्यावर त्यांना दटावू नये. पिंगळा कोणत्या झाडावर बसतो, केव्हा बोलतो व काय खातो, याची आठ दिवस नोंद ठेवण्यास सांगावे. उंदीर व किडे टिपणारा हा पक्षी शेतकऱ्याचा साहाय्यक आहे, हे त्या नोंदींतून मुलांना आपोआप उमगेल.

गुराख्याच्या किंवा लाकूडतोड्याच्या मुलाने एखादा अपरिचित पक्षी पाहिल्याचे सांगितले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. ठिकाण, वेळ व आवाज विचारून ती माहिती फळ्यावर लिहावी.