विशेष गरजा असणाऱ्या मुलांची शाळेची गाडी : मागणी कशी करावी, काळजी कशी घ्यावी

मूल तीन वर्षांचे असते तेव्हा आई त्याला कडेवर घेऊन अंगणवाडीत सोडते. सहाव्या वर्षीही उचलून कशीबशी शाळेत नेते. नवव्या-दहाव्या वर्षी मुलाचे वजन वाढते, आईची कंबर धरते, रोजची अर्धी मजुरी बुडते आणि एक दिवस शाळा सुटते. हजेरीपटावर नाव असते, मूल मात्र घरात असते. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हे पुन्हा पुन्हा दिसते. शाळेने मुलाला नाकारलेले नसते, मुलाला शिकायची आवड नसते असेही नाही. घर ते शाळा हे दोन किलोमीटर तेवढे आडवे येतात.

हा विषय आरोग्याच्या पानावर का? कारण घरात पडून राहिलेल्या मुलाचे सांधे आखडतात, पाठीला बाक येतो, बोलणे कमी होते. शाळेतला पोषण आहार बुडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, तेव्हा हे मूल तिथे नसते. गाडी मिळाली तर शाळाही मिळते आणि उपचारही.

कायदा काय सांगतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व यांच्याबरोबर सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही त्यात आहेत. कलम १६ नुसार शासनाने चालवलेल्या, अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांच्या वाहतुकीची सोय करायची आहे. ज्या मुलाला जास्त आधाराची गरज आहे, त्याच्या मदतनिसाचीही सोय त्यात येते. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

म्हणून मुख्याध्यापकांकडे जाताना हात जोडून उभे राहू नये. आपण उपकार मागत नाही, हक्काचा अर्ज देत आहोत.

अर्ज कसा करावा

१. अर्ज लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी. मजकूर साधा ठेवावा :

‘माझा मुलगा आपल्या शाळेत तिसरीत शिकतो. त्याला सेरेब्रल पाल्सी असून तो स्वतः चालू शकत नाही. घर ते शाळा अंतर दोन किलोमीटर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम १६ नुसार त्याच्या व मदतनिसाच्या वाहतुकीची सोय करावी आणि केलेल्या कार्यवाहीची मला लेखी माहिती द्यावी.’

२. सोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्डाची प्रत जोडावी. कार्ड यायचे असेल तर अर्ज अडवून ठेवू नये. रुग्णालयाचे कागद व नोंदणीची पावती जोडावी.

३. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना भेटून समग्र शिक्षा योजनेतील प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्त्यासाठी मुलाचे नाव यादीत आहे का, ते विचारावे.

४. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे हा विषय मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. शाळेची बस असेल तर शालेय परिवहन समितीतही पालकांचा प्रतिनिधी असतो, त्याच्याशी बोलावे.

५. उत्तर आले नाही तर पुणे येथील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पोच जोडून तक्रार करता येते.

पैशाचे गणितही समजून घेऊ. समग्र शिक्षेत विशेष गरजा असणाऱ्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरलेली आहे आणि साहित्य, भत्ते हे सगळे त्यातच बसवायचे असते. एवढ्यात एका मुलासाठी वर्षभर रिक्षा लागत नाही. म्हणून एका वस्तीतल्या चार-पाच मुलांच्या पालकांनी एकत्र यावे, एकच वाहन ठरवावे आणि उरलेल्या रकमेसाठी ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे जावे. या संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत हा प्रश्न सर्वांनी मिळून विचारावा. एकट्या आईला ‘नंतर या’ म्हणणे सोपे असते, पाच आयांना तसे म्हणता येत नाही.

मुलाचा माहितीचा कागद

गाडी ठरली की एका कागदावर लिहून चालक, मदतनीस आणि वर्गशिक्षक यांना प्रत द्यावी : मुलाचे नाव, आजार, औषध व त्याची वेळ, कशाची ॲलर्जी, मूल भूक-तहान-शू कशी सांगते, कशाला घाबरते, कशाने शांत होते, दोन फोन नंबर आणि मुलाला उतरवून घेणाऱ्या दोन व्यक्तींची नावे. त्या दोघांशिवाय कोणाच्याही हाती मूल देऊ नये.

गाडीत घ्यायची काळजी

*सेरेब्रल पाल्सी :* मुलाला हाताला धरून ओढू नये. पाठीला आणि मांड्यांखाली आधार देऊन उचलावे. मांडीवर बसवून नेणे धोक्याचे आहे. त्याला स्वतंत्र जागा आणि छातीला आधार देणारा पट्टा हवा. चाकाची खुर्ची गाडीत ठेवायची असेल तर तोंड पुढे करून चारही बाजूंनी पट्ट्यांनी बांधावी, नुसत्या ब्रेकवर विसंबू नये. चालत्या गाडीत खाऊ भरवू नये, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

*फिट येणारे मूल :* सकाळचे औषध चुकवू नये. फिट आली तर गाडी बाजूला घ्यावी, मुलाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन करावा.

*सिकलसेल :* विदर्भातल्या पालकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. थंडीत किंवा उन्हात गाडीची वाट पाहत मूल ताटकळता कामा नये. पाण्याची बाटली रोज हवी आणि लघवीला जावे लागेल म्हणून पाणी पिऊ न देणे चुकीचे आहे. अंग दुखू लागले किंवा ताप आला तर लगेच घरी कळवावे.

*स्वमग्न मूल :* रोज तीच जागा आणि शक्यतो तोच मदतनीस असावा. गाडी किंवा रस्ता बदलणार असेल तर आदल्या दिवशी चित्र दाखवून सांगावे. त्याला दाराजवळ बसवू नये.

जे मूल बोलू शकत नाही

जे मूल सांगू शकत नाही, त्याचे शरीर आणि वागणे वाचावे लागते. गाडीत मूल चालकाबरोबर एकटे राहू नये. पहिले चढणारे आणि शेवटी उतरणारे मूल कोण, ते पाहून स्त्री मदतनीस त्या वेळीही गाडीत असेल असे ठरवावे. अंगावर वळ, कपड्यांवर डाग, गाडी दिसताच रडणे, अंघोळीला नकार ही लक्षणे हट्ट म्हणून सोडून देऊ नयेत. शंका आली तर १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर बोलावे. लैंगिक अत्याचाराची तक्रार पॉक्सो कायदा, २०१२ खाली करता येते.

या महिन्यात करायचे काम

आपल्या वस्तीत शाळेत नाव असूनही घरी बसलेली मुले किती, याची यादी करावी. नाव, वय, अडचण आणि शाळेचे अंतर एवढेच लिहावे. रविवारी विहारात बैठक होते, तिथे ही यादी वाचावी आणि त्याच बैठकीत अर्ज लिहून घ्यावेत. ज्या आयांना लिहिता येत नाही, त्यांचे अर्ज आपल्या शिकलेल्या मुलींनी लिहावेत. सोमवारी सगळ्यांनी मिळून शाळेत जावे, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.