मुक्कामाचे पैसे माझे

जयसिंगपूर, १० मे

चि. मनू हिस,


थोरल्या आत्याचा बंड्या काल येऊन गेला. आंबे आणले होते, पण ते निमित्त. तुझी काकू पन्हं करायला आत गेल्यावर त्याने हळूच मोबाइल काढला. तू लेहला निघालीस, एकटी निघालीस, हे मला पाडव्यापासून ठाऊक आहे. वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी त्यांचीच समजूत घातली होती. ठाऊक नव्हतं ते बंड्याने तुझ्या प्रवासाच्या तक्त्यात दाखवलं. पहिल्या चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर. कोल्हापुरातून पहाटे चारला निघायचं ते जयपूरच्याही पुढे जाऊन थांबायचं, मध्ये पेट्रोल आणि पाणी, झोप नाही. अमेरिकेतली कुठलीशी संस्था हजार मैलांचं असं सर्टिफिकेट देते म्हणे.

मी म्हटलं, तू काहीतरी चुकीचं वाचलंस. तर म्हणतो, "मामा, तिनं स्वतः लिहिलंय."

मनू, तुला अक्कल आहे असं मी चारचौघांत सांगत आलोय. इंजिनियर झालीस, स्वतःच्या पगारातून हिमालयन बाइक घेतलीस, चेन कशी साफ करायची ते मला शिकवलंस. आणि हे काय? सर्टिफिकेट भिंतीला लावायला इतकं हवं असेल तर मी माझं एस.टी.चं लायसन्स फ्रेम करून देतो, ते लाव.

वहिनींची भीती वेगळी आहे. मुलगी एकटी, मुलूख परका, लोक कसे असतील. त्याचं उत्तर तू त्यांना द्यायचं, आणि ते तू नीट दिलंयस असं दादा म्हणाला. त्या भीतीने मी काल रात्री उठून बसलेलो नाही. मी उठून बसलो ते एका गोष्टीसाठी: झोप.

सगळी नोकरी माझी रातराणीवर गेली, तुला सांगायला नको. लहानपणी तुला वाटायचं काका दिवसा झोपतो म्हणजे आळशी आहे. रातराणीच्या माणसाला काळोखाची भीती नसते, त्याला पहाटेची असते. बारा-एक वाजेपर्यंत काही होत नाही. उलट रस्ता मोकळा, गार वारा, आपल्याला वाटतं आत्ता दिल्लीपर्यंत जाऊ. दोननंतर शरीर आपलं ऐकत नाही. डोळे उघडे असतात, पांढरा पट्टा दिसत असतो, आणि एकदम ध्यानात येतं की मघाशी यायचा तो पूल येऊन गेला आणि आपण तो पाहिलाच नाही. ही डुलकी तीन-चार सेकंदांची असते. ताशी ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांत किती झाले ते तू माझ्यापेक्षा लवकर काढशील. डेपोत एकामागे एक आठ एस.टी. उभ्या केल्या तर जेवढं अंतर होतं, तेवढं तू ड्रायव्हर नसलेल्या गाडीवर बसून गेलेली असशील.

मला निदान सहा चाकं होती, आणि शेजारी कंडक्टर. चांगला कंडक्टर तिकिटं झाली की मागे जाऊन पाय पसरत नाही, केबिनच्या दाराशी येऊन बसतो. मी जरा गप्प झालो की आमचे मास्तर विचारायचे, "पाहुणं, यंदा ऊस कुठल्या कारखान्याला?" त्यांना माझ्या उसाशी काय करायचं होतं? माझा आवाज ऐकायचा होता. तुझ्या हेल्मेटात कोण विचारणार? त्यात गाणी लागतात हे बंड्याने सांगितलं. अगं, गाणी लावून माणसं मुलांना झोपवतात.

बाकीचे उपायही सांगून टाकतो, म्हणजे तू वाटेत नवे शोधायला नकोस. तोंडावर गार पाणी, हिरवी मिरची, तंबाखूचा बार, खिडकी उघडून मोठ्याने अभंग. सगळं पाहिलंय. दहा मिनिटं टिकतं, आणि त्या दहा मिनिटांत माणसाला वाटतं की आपण जिंकलो. चहाचा उपयोग होतो, पण तो अंगात उतरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणून चहा पिऊन लगेच गाडी चालू करायची नाही. चहा घ्यायचा आणि तिथेच ढाब्याच्या खाटेवर डोळे मिटून पडायचं. तेवढ्यात झोपही होते आणि चहाही चढतो. पण ही झाली दुपारची सोय. रात्रीच्या झोपेला रात्रीची झोपच लागते.

तू म्हणशील, जूनच्या पहिल्या आठवड्यात अहमदाबाद ते जयपूर भट्टी असते, म्हणून रात्री जाते. बरोबर आहे, ४२-४३ डिग्रीत जॅकेट घालून चालवणं हालच आहेत. पण त्याचा इलाज सोपा आहे. रात्री नऊला झोप, पहाटे पाचला नीघ, अकराला थांब. पुन्हा चार-साडेचारला नीघ आणि दिवे लागायच्या आत मुक्काम गाठ. दिवसाला चारशे, फार तर साडेचारशे किलोमीटर. पहिला मुक्काम पनवेल-ठाण्याच्या बाजूला पडेल. दुचाकीला एक्सप्रेस वे बंद आहे, जुन्या रस्त्याने घाट उतरावा लागेल, तो दिवसाच उतर. आणि त्याआधी खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उतारावर जे वळण आहे तिथे वेगात जाऊ नकोस. दुसरा मुक्काम भरूच-बडोदा, तिसरा उदयपूर. तुझे दोन दिवस जास्त जातील. जाऊ देत.

हिमाचल सरकारची दिल्लीहून लेहला एस.टी. जाते, उन्हाळ्याचे काही महिने. हजारेक किलोमीटरची फेरी आहे. आम्हा ड्रायव्हर लोकांत तिचं फार कौतुक. त्या गाडीला वाटेत ड्रायव्हर बदलतात. घाटातच जन्म गेलेली माणसं आहेत ती, तरी हजार किलोमीटर एकाच्या हातात देत नाहीत. आणि तू सोळाशे एकटी.

आता एक गोष्ट लिहितो. ती वाच आणि पत्र दादाला दाखवू नकोस.

तुझ्या नानाकाकाचा फोटो देवघराशेजारी आहे. त्याचं काय झालं ते तुला घरात जसं सांगतात तसंच ठाऊक असणार: माघातलं लग्न, उसाची ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, नानाची राजदूत. आईने मरेपर्यंत त्या ट्रॉलीवाल्याला शिव्या दिल्या. ट्रॉलीला दिवा नव्हता हे खरंच आहे. पण त्या सकाळी कराडच्या अलीकडे मी त्या जागेवर गेलो होतो. दादा गेला नव्हता, त्याला आईपाशी ठेवलं होतं. चांदणं स्वच्छ होतं रात्री, रस्ता सरळ होता, ट्रॉली डोंगराएवढी भरलेली. आणि रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. वीतभरसुद्धा नाही. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? आईला शिव्या द्यायला कुणीतरी हवं होतं.

लग्नघरात तीन रात्री त्याचा डोळ्याला डोळा नव्हता. मांडव त्याने घातला, आचारी त्याने सांभाळले, वरातीत नाचलाही तोच. अकरा वाजता म्हणाला, सकाळची ड्यूटी आहे, निघतो. मी म्हटलं, राहा की रे, पहाटे जा. तो म्हणाला, छे, गार हवेत मस्त पोचतो. मी पुन्हा म्हटलं नाही. पाहुण्यांची पंगत बसायची होती, मी वाढायला गेलो.

म्हणून या पत्रात एकच गोष्ट दहादा आली असेल तर येऊ दे. कंटाळा आला तरी वाच.

नाना नकाशे काढायचा, हे तुला कुणी सांगितलं नसेल. कॅलेंडरची पानं उलटी करून पाठीवर पेन्सिलीने. कन्याकुमारीचा एक होता, गोकर्ण, मंगळूर, कालिकत करत खाली जाणारा. मला म्हणायचा, भावा, रजा टाक. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. बंड्याने तुझा तक्ता दाखवला तेव्हा पहिल्या दिवसाचा राग आला, पण नंतर मी सगळा खालपर्यंत वाचला. बंड्याची बॅटरी संपवली. पोरी, बाकीचं फार चांगलं आखलंयस.

जाताना श्रीनगर-कारगिलवरून आणि येताना मनालीवरून, हे अगदी योग्य. श्रीनगरच्या बाजूने चढ सावकाश आहे. झोजिला साडेतीन हजार मीटरच्या घरात, मग कारगिलला खाली मुक्काम, फोटुला चार हजाराच्या जरा वर, आणि लेह पुन्हा साडेतीन हजारावर. मनालीकडून सरळ वर गेलेल्यांना सरचू-पांगच्या तंबूत डोकं धरून बसावं लागतं. विरळ हवा धडधाकट माणसालाही सोडत नाही, व्यायाम करणाऱ्यांनाही नाही. लेहला पोचल्यावर दोन दिवस काही करायचं नाही असं तू लिहिलंयस, ते खोडू नकोस. डोकं दुखलं, मळमळलं तर आणखी वर जायचं नाही, कमी झालं नाही तर खाली उतरायचं. गोळ्या डॉक्टरांना विचारून घे, बंड्याला विचारून नको. आणि तिथे वर झोप लागत नाही नीट, दर तासाला जाग येते म्हणतात. म्हणजे खालून जाताना झोपेची उधारी घेऊन गेलीस तर ती वर फिटत नाही. आलो बघ पुन्हा तिथेच.

परतीला पेट्रोल लेह सोडतानाच टाकी भरून घे, वर पाच लिटरचा कॅन. टंडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. तू उलटी येणार, तुला ते अंतर संपल्यावर पाटी दिसेल. बर्फाच्या पाण्याचे नाले रस्त्यावरून वाहतात, ते सकाळी ओलांड. दुपारी ऊन लागलं की बर्फ वितळून पाणी वाढतं. तुझं सिम प्रीपेड असेल तर जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालणार नाही, पोस्टपेड करून घे. वहिनींना हे आधीच सांग, नाहीतर तिकडे तुझा फोन लागला नाही की इथे आम्हा सगळ्यांचं जेवण बंद.

जास्त बोललो असेन वर. फ्रेमचं वगैरे. रागावू नकोस. तुला थांबवायचं मनातही नाही. नानालाही थांबवायचं नव्हतं, एक रात्र फक्त.

बंड्याच्या फोनवरून सहा हजार पाठवतोय. ते पेट्रोलला नाहीत, सर्व्हिसिंगला नाहीत. कोल्हापूर ते श्रीनगर आठ-नऊ मुक्काम होतील, त्यांच्या लॉजचे आहेत. कमी पडले तर संकोच न करता सांग, उरले तर येताना मनालीला चांगल्या हॉटेलात राहा. तुझ्या काकूचा निरोप आहे की शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या ती स्वतः बांधून देणार, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी इकडे ये. राहायलाच ये. सकाळी गाडीला मी एकदा बघेन, टायरची हवा, चेन वगैरे. तू आधीच बघितलेली असशील, तरी मी बघेन.

रोज फोन नको करूस, चालवताना तर नकोच. संध्याकाळी खोली मिळाली की मला नुसतं गावाचं नाव पाठव.

आणि ती लेहची गाडी कुठे थांबलेली दिसली तर ड्रायव्हरशी बोल. टांगलांगलाच्या चढाला कुठला गिअर ठेवतात ते विचारून ये. साडेसतरा हजार फुटांच्या आसपास आहे तो घाट. सेकंड म्हणतील असं मला वाटतं, बंड्या पैज लावतोय फर्स्ट. आणि त्यांना सांग, माझा काका पण एस.टी.ला होता.

तुझा,
काका