ठसका थांबल्यानंतर

मुलाच्या घशात काहीतरी अडकले म्हणून घाबऱ्याघुबऱ्या धावत येणाऱ्या मातापित्यांपेक्षा, ठसका आला आणि गेला म्हणून निर्धास्त राहिलेल्या मातापित्यांची मला अधिक चिंता वाटते; कारण शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूचा स्वभावच असा आहे की, आरंभी ती मोठा गलबला करते, मग काही काळ अगदी निमूट बसते, आणि तिचे खरे उपद्रव या निमूटपणातच सुरू होतात.

शेंगदाण्याचेच उदाहरण घेऊ. दाढा पुरत्या न आलेले दोन-अडीच वर्षांचे मूल हसता-खेळता दाणे खात असते, एकाएकी त्याला जोराचा ठसका लागतो, चेहरा काळानिळा पडतो, आणि वडीलधारी मंडळी पाठीवरून हात फिरवीत असतानाच तो ठसका शमतो. दाणा बाहेर पडला की पोटात गेला, याची खातरजमा कोणी करीत नाही. वस्तुतः तो पुष्कळदा श्वासनलिकेच्या खालच्या शाखेत, त्यातही बहुधा उजव्या शाखेत, जाऊन बसलेला असतो, कारण ही शाखा डावीपेक्षा रुंद आणि अधिक सरळ असते. तेथील अंतस्त्वचा त्याला सरावते आणि खोकलाही थांबतो. पंपाच्या झडपेप्रमाणे तो हवेला आत येऊ देतो, बाहेर मात्र जाऊ देत नाही, म्हणून त्या बाजूचे फुप्फुस फुगते. पुढे वाट पूर्ण बंद झाली की ते आकसते. दाण्यातील तेलाने दाह माजतो. हरभरा किंवा वाल असेल तर तो ओलाव्याने फुगून बसतो. क्ष-किरणांच्या छायाचित्रात दाणा दिसत नाही, किंबहुना पहिल्या दिवशी ते छायाचित्र अगदी निर्दोषही येऊ शकते. आणि मग त्या बालकावर आठवडेच्या आठवडे दम्याचा किंवा न्यूमोनियाचा इलाज चालू राहतो. म्हणून ठसक्याची हकीकत, ती पंधरवड्यापूर्वीची असली तरी, डॉक्टरांना आपण होऊन सांगावी.

यावर खरा उपाय एकच: संपूर्ण भूल देऊन, श्वासनलिकेत दुर्बीण उतरवून ती वस्तू चिमट्याने काढणे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्ताव्ह किलियन यांनी १८९७ साली एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा प्रथम अशी दुर्बीण उतरवून काढला. पुढे फिलाडेल्फियाच्या शेवॅलिअर जॅक्सन यांनी रोग्यांच्या अन्ननलिकांतून व श्वासनलिकांतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू जपून ठेवल्या, त्या आज तेथील म्यूटर संग्रहालयात आहेत. दाणा औषधाने विरघळविणारा वैद्य मात्र अद्याप जन्मास आलेला नाही.

मूल जोराने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाज फुटत नाही, श्वास चालत नाही, अशी अवस्था असेल तरच हात घालावा. वर्षाच्या आतील मुलास हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा माराव्यात, आणि त्याने न भागल्यास उताणे करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाब द्यावा. पोट दाबू नये. त्याहून मोठ्या मुलास पाठीवर पाच थापा आणि मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, आत व वरच्या दिशेने पाच हिसके, असे आलटून पालटून करावे. घशात आंधळेपणाने बोट घालण्याची आपल्याकडील रूढी घातक आहे. त्याने वस्तू आणखी खाली सरकते.

घड्याळात, खेळण्यात आणि रिमोटमध्ये असणारा चपटा गोल सेल हे मात्र या काळाचे नवे संकट होय. वीस मिलिमीटर व्यासाचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की, त्याच्या विजेच्या प्रवाहाने तेथील ओलाव्यात तीव्र क्षार तयार होतो, आणि दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते. घड्याळ चालविण्यास निकामी झालेला सेलही यास पुरेसा असतो. येथे 'शौचावाटे पडेल' म्हणून वाट पाहणे अक्षम्य आहे. वांतीचे औषध देऊ नये. मूल वर्षाहून मोठे असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्यास गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर, मध द्यावा, फार तर सहा वेळा. परंतु मधासाठी इस्पितळाची वाट एक क्षणही लांबवू नये. एकाहून अधिक लोहचुंबक गिळले असल्यासही अशीच त्वरा हवी, कारण ते आतड्यांच्या दोन वेढ्यांतून एकमेकांस ओढतात आणि मधली भिंत भोकसतात. पोटात पोहोचलेले नाणे बहुधा आपोआप पडते, तरी ते कोठे आहे हे एकदा पाहून घ्यावे.

माशाचा काटा रुतल्यावर भाताचा गोळा गिळण्याची कोकणपट्टीतील रीत मी अनेकदा ऐकली आहे. तिने काटा कधी निघतो, कधी अधिक खोल शिरतो, म्हणून मी तिचा सल्ला देत नाही. बाभळीचा काटा पायात मोडला तर धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी, आणि लाकूड क्ष-किरणात सहसा दिसत नाही हे लक्षात ठेवावे. सुरा किंवा सळई अंगात रुतलेली असेल तर ती उपटू नये. रक्ताचा लोट बहुधा तिनेच अडविलेला असतो.

वाचकहो, मुलास इस्पितळात नेताना, मधाचा वर सांगितलेला अपवाद वगळता, त्याला काही खाऊपिऊ घालू नका, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. आणि घरात त्याच जातीचा दुसरा सेल, दाणा किंवा खेळणे असेल तर ते बरोबर घेऊन जा.