स्वयंपाकघरातील उपकरणांचे आयुष्य

१. जुनी भांडी का टिकली?

स्वयंपाकघरातील उपकरण किती वर्षे टिकावे, हा प्रश्न प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा विचारला जातो. पाटा-वरवंटा आणि पितळेची पातेली दोन-दोन पिढ्यांना पुरली. मग आजचा मिक्सर का पुरू नये, असे पुष्कळांना वाटते. परंतु जुन्या वस्तू झिजत नव्हत्या, असे नाही. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागे. पितळेच्या भांड्यास वरचेवर कल्हई करावी लागे. झिजणारा भाग थोडक्या खर्चात नवा करता येत असे, म्हणूनच मूळ वस्तू टिकत असे. उपकरणाच्या आयुष्याचे हेच मुख्य तत्त्व होय.

२. झीज कोठे होते?

उपकरण हा अनेक भागांचा समूह असतो आणि प्रत्येक भागाचे आयुष्य निराळे असते. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश फिरत्या भागावर सतत घासतात, ते झिजणारच. तांब्याच्या गुंडाळीवरील विद्युतरोधक लेप उष्णतेने कमकुवत होतो. तापमान १० अंशांनी वाढले की लेपाचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा अभियंत्यांचा स्थूल नियम आहे. त्यामुळे घट्ट वाटण फार वेळ वाटत राहिल्यास मोटर लवकर जळते. पातळ पदार्थ घुसळण्यासाठी बनविलेले परदेशी मिक्सर आपल्याकडील मसाल्यापुढे टिकत नसत. ही अडचण ओळखून अभियंते सत्यप्रकाश माथुर यांनी १९६३ मध्ये मुंबईत अधिक शक्तीच्या मोटरचा ‘सुमीत’ मिक्सर बाजारात आणला. यावरून दिसेल की, आयुष्य केवळ वर्षांवर नव्हे, तर कामाच्या स्वरूपावरही अवलंबून असते.

प्रेशर कुकरचे ॲल्युमिनियमचे भांडे पुष्कळ वर्षे चालते. पण आतील वाफ सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापत असल्याने झाकणाचे रबरी कडे कडक होते. ते व सुरक्षा-झडप वेळोवेळी बदलावी लागते.

रेफ्रिजरेटरचा कॉम्प्रेसर पोलादी कवचात बंद असतो. धूळ आत शिरत नाही व तेल आतच राहते. म्हणून तो दीर्घकाळ टिकतो. मात्र दाराची रबरी पट्टी सैल झाली की उष्ण हवा आत येते, कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो व लवकर निकामी होतो. अशा रीतीने स्वस्त भागाकडे झालेले दुर्लक्ष महाग भागाचे आयुष्य कमी करते.

३. टाकून देण्याची किंमत

उपकरण अकाली टाकून दिल्याने काय वाया जाते, हे पोलादाच्या उदाहरणाने समजेल. छत्तीसगढमध्ये रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या रस्त्यावर सिलतरा ही औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांत लोहखनिज व दगडी कोळसा फिरत्या भट्टीत सुमारे १,००० अंशांपर्यंत तापवितात. कोळशापासून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो आणि खनिज न वितळताच सच्छिद्र ‘स्पंज लोखंड’ तयार होते. एक टन स्पंज लोखंडासाठी सुमारे दीड टन खनिज आणि एक टनाहून अधिक कोळसा लागतो. रायपूर परिसरातील हवेच्या प्रदूषणात या उद्योगाच्या धुराचा व धुळीचा वाटा आहे.

पुढे विजेच्या भट्टीत स्पंज लोखंडाबरोबर मोडीतले लोखंडही वितळवितात. तेथील पोलाद बहुतांशी बांधकामाच्या सळ्यांसाठी जाते. परंतु हिशेबाचे तत्त्व कोणत्याही पोलादी वस्तूस लागू पडते. मोडीतले लोखंड परत उपयोगी येते, हे खरे. तथापि ते वितळविण्यास टनामागे शेकडो युनिट वीज खर्च होते. लहानसा भाग मिळत नाही म्हणून सबंध उपकरण टाकून दिले, तर हा सारा व्याप पुन्हा करावा लागतो.

४. वाजवी आयुष्य कोणते?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ई-कचऱ्याच्या हिशेबासाठी रेफ्रिजरेटरचे सरासरी आयुष्य १० वर्षे धरले आहे. ही सरासरी आहे, मुदत नव्हे. चांगली निगा राखलेले यंत्र त्याहून अधिक चालू शकते. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून उत्पादकांवर बंधन घातले की, रेफ्रिजरेटरचे काही प्रमुख सुटे भाग किमान ७ वर्षे आणि दाराच्या पट्ट्या किमान १० वर्षे उपलब्ध असाव्यात. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी माहितीचे संकेतस्थळ सुरू केले.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. गॅसच्या शेगडीची रबरी नळी वरून चांगली दिसली, तरी नळीवर छापलेली मुदत संपताच ती बदलावी. येथे काटकसर धोक्याची ठरते.

तात्पर्य, ज्याचा लवकर झिजणारा भाग सहज मिळतो व सहज बदलता येतो, तेच उपकरण खऱ्या अर्थाने टिकाऊ होय. खरेदीच्या वेळी किमतीबरोबर ही चौकशीही करावी.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील तीन उपकरणे निवडून प्रत्येकाचा सर्वांत आधी झिजणारा भाग लिहा.

२. तो भाग आपल्या गावात मिळतो काय, त्याची किंमत नव्या उपकरणाच्या किती टक्के पडते, हे दुकानात विचारून तक्ता तयार करा.

३. गॅसच्या नळीवरील मुदत वडील माणसांसमवेत वाचून पाहा.